फ्लेक्सवरचं डोकं

माझं डोकं मागून कसं दिसतं ते मला राजकमल चौकात कळलं. सिग्नल लागला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि अमरावतीच्या इतर सगळ्या बाया-पोरींसारखीच मीही तोंडाडोक्याला स्कार्फ गच्च गुंडाळून गाडीवर बसले होते. सहज वर पाहिलं तर समोरच्या इमारतीवर भलामोठा फ्लेक्स आणि त्यावर एक टक्कल. मधोमध गुळगुळीत, कडेला चार-दोन बटा, एका बाजूने अर्धा गाल आणि कान. कानाला दोन भोकं, वरच्या भोकात चांदीची बारीक रिंग. ती रिंग मी अजूनही घालते. टकलाखाली लाल अक्षरांत ‘आधी’. शेजारी कानामागे केस सारून ते कंबरेपर्यंत सोडलेली एक पाठमोरी बाई, तिच्याखाली हिरव्या अक्षरांत ‘नंतर’. आणि त्याखाली, विद्युत-चुंबकीय लहरींनी केस परत मिळवा, अकोल्याची खात्रीशीर सेवा आता आपल्या अमरावतीत.

सिग्नल सुटला तरी मी हलले नाही. मागून हॉर्न सुरू झाले. एक ऑटोवाला बाजूने जाता जाता ओरडला, “ओ ताई, झोपल्या का बाप्पा?” मी झोपले नव्हते. मी एका माणसाला मनातल्या मनात जाळत होते, आणि त्या कामाला वेळ लागतो.

तो माणूस अकोल्याचा. त्याच्यापर्यंत मी कशी पोचले ते सांगायला हवं, कारण आमच्या घराला हे शोभणारं नव्हतं, आणि तरी ते आमच्याच घरात होऊ शकलं.

केस जायला सुरुवात झाली ती फ्लेक्स दिसण्याच्या आदल्या हिवाळ्यात. उशीवर पुंजके, न्हाणीच्या जाळीवर पुंजके. आधी रुपयाएवढा चट्टा, मग पुरीएवढा, मग चट्टे एकमेकांना जाऊन मिळाले. आमच्याकडे याला चाई पडणं म्हणतात. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझी वेणी चांगली जाडजूड होती, ती खांद्यावरून पुढे घेऊन शिकवायची मला सवय होती. वेणी गेली तरी हात खांद्याकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. लग्नासाठी, लोकांसाठी वगैरे नाही, मला माझ्यासाठी केस हवे होते. रात्रंदिवस तेवढंच हवं होतं. हे मी स्पष्ट सांगते, कारण पुढे मी जे केलं ते वाचून कुणाला वाटेल की हिला केसांचं काही नव्हतंच.

शेजारच्या काकूंनी नजर लागल्याचं निदान केलं आणि मोर्शीकडच्या कुणा बाबाचा पत्ता आणला. आईने त्यांना चहा पाजला आणि पत्ता चुलीत घातला असता, पण गॅस असल्यामुळे केराच्या टोपलीत टाकला. आमच्या घरात बुवा-बाबा चालत नाहीत. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, ते पुन्हा कधी आले नाहीत. दाराला लिंबू-मिरची नाही, हातात गंडा नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला वाट द्यायची, एवढंच. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा एकच सवाल असायचा, “याच्यामागचं सायन्स काय?”

आणि इथेच घात झाला. कारण बाबा-बुवांना दारातूनच हाकलणाऱ्या आमच्या घरात प्लग असलेली कुठलीही वस्तू मात्र बिनचौकशी आत यायची. कमरेचा पट्टा आला, पायाचे मसाजर आले, पाण्याला चार्ज करणारी बाटली आली. अंगारा म्हटलं की आमच्या कपाळाला आठ्या पडतात आणि करंट म्हटलं की आम्ही मान डोलावतो. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने अकोल्याच्या मशीनबद्दल सांगितलं तेव्हा बाबांचा चेहरा खुलला. “हे बुवाबाजी नाई,” ते आईला म्हणाले, “चुंबकीय क्षेत्र आहे. मोजता येते.”

मग दर रविवारी बाबा आणि मी बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला. मूर्तिजापूर येईपर्यंत बाबा मला चुंबकत्व समजावून सांगत. क्लिनिक एका मेडिकलच्या वर होतं. पाटीवर नावापुढे अक्षरांची मालगाडी. आत एक मोठी खुर्ची, तिच्यावर लोंबणारा स्टीलचा टोप, आतून तांब्याच्या तारांच्या गुंडाळ्या, बाजूला काटा असलेलं मीटर. डॉक्टर माझ्याच वयाचा असेल. पांढरा कोट, डोक्यावर स्वतःचे भरपूर केस, आणि आवाज असा गोड की ऐकल्यावर चूळ भरावीशी वाटावी. त्याने टोपाखाली टाचण्या धरल्या. मशीन सुरू केलं तशा त्या तळहातावर ताठ उभ्या राहिल्या.

“पाहा काका, टाचण्या जशा उभ्या राहून राहिल्या ना, तशीच मुळं उभी राहतात.”

बाबांनी डोळे भरून टाचण्या पाहिल्या. मग खाली वाकून त्यांनी अर्थिंग तपासलं. स्टॅबिलायझर कोणता आहे ते विचारलं. वायरचा गेज हाताने चाचपला. सगळं पास झालं. टाचणी लोखंडाची असते आणि केस लोखंडाचा नसतो, हे तपासायचं त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

टोपाखाली बसल्यावर नुसती टकटक ऐकू यायची. बाकी काहीच नाही. गरम नाही, गार नाही, मुंग्यासुद्धा नाहीत. मी तसं सांगितलं की तो म्हणायचा, “जाणवून नाई राहिलं ना? मंग बरोबर काम सुरू आहे.” पुढच्या महिन्यांत उरलेलेही बरेच केस गेले. तो म्हणाला, “जुने गेल्याशिवाय नवे कसे येतील मॅडम?” भुवया विरळ झाल्या तेव्हा त्याने भिंग लावून पाहिलं आणि कुणाला न दिसणारं काहीतरी त्याला दिसलं. पहिल्याच दिवशी त्याने रेकॉर्डसाठी म्हणून फोटो काढले होते. मधेही दोन-तीनदा काढले. मी मान खाली घालून बसायचे, हा मागे उभा राहून मोबाइलने टिपायचा. उन्हाळा लागला, अकोल्याच्या उन्हात स्कार्फखाली माझ्या टाळूला फोड आले, आणि मी जाणं बंद केलं. रविवारी सकाळी बाबा अंघोळ करून तयार बसायचे आणि मग पेपर वाचायला घ्यायचे.

तर तो फ्लेक्स.

कॉलेजमध्ये दुसऱ्याच दिवशी कुजबुज सुरू झाली. वर्गात मी डोक्याला रुमाल बांधून जात असे, पण कान उघडे असत, आणि बारावीच्या पोरींचे डोळे म्हणजे काय सांगावं. फळ्यावर कुणीतरी खडूने दोन गोल काढून ठेवले होते, एक रिकामा आणि एक केसाळ. खाली आधी आणि नंतर. मी ते पुसलं आणि पानिपत शिकवायला घेतलं. मधल्या सुटीत एक पोरगी स्टाफरूमच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, त्या दुसऱ्या बाईच्या कानाची पाळी चिपकेल आहे. तुमची मोकळी आहे. ती तुमी नाई.” मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिथेच रडावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. त्या क्षणापासून मला फक्त त्याचं वाटोळं झालेलं पाहायचं होतं.

बाबा अकोल्याला एकटेच गेले. फ्लेक्स काढा, एवढंच सांगायला. संध्याकाळी परत आले, चप्पल काढून तसेच ओसरीच्या पायरीवर बसले. आईने पाणी आणलं तर घेतलं नाही.

“काय म्हणे तो?” आईने विचारलं.

“म्हणे, काका, चेहरा तं अर्धाच आहे.” बाबा जमिनीकडे पाहत होते. “म्हणे, हे तुमचीच पोरगी कावरून? टकलावर कोनाचं नाव लिहेल असते का?”

माझ्या बापाला मी आयुष्यात तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. वादळात खांबावर चढणारा माणूस. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मी त्याचं अर्थिंग तपासत बसलो वं.” आणि उठून आत गेले.

आईने दुसऱ्या दिवशी तिचा तोडगा काढला. विहारात बायकांचं श्रामणेरी शिबीर व्हायचं होतं, त्यात मुंडन करतात. “आपुन सांगू का तू शिबिर केलं,” आई म्हणाली, “मंग कोनी काही बोलणार नाई. उलटे पाया पडतील.” तिच्या बोलण्यात तथ्य होतं. आमच्या वस्तीत मुंडन केलेल्या बाईकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. पण त्या बायका काहीतरी सोडायला डोकं भादरतात. मला काही सोडायचं नव्हतं. मला धरून ठेवायचं होतं. मैत्री, करुणा मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मानतेही, पण त्या आठवड्यात त्या माझ्या अंगात औषधालासुद्धा नव्हत्या. आईला म्हटलं, “मी खोटं सांगणार नाही. तो खोटं सांगतोय ते पुरे आहे.”

एका वकील चुलतभावाने कोर्टाचा रस्ता सांगितला आणि तो रस्ता किती लांब आहे तेही सांगितलं. मी त्याचे आभार मानले. टकलावर नाव लिहिलेलं नसतं ना? ठीक आहे. मी नाव घेऊन जाते.

कॅम्प भागात त्याच्या अमरावतीच्या शाखेचं उद्घाटन होतं. मंडप, खुर्च्या, हार, कुणीतरी पुढारी, पेढ्यांची ताटं. सकाळी मी बाबांच्या वस्तऱ्याने उरल्यासुरल्या बटाही काढून टाकल्या, डोकं तेलाने चोपडलं, जांभळी पैठणी नेसले आणि कानात तीच रिंग घातली. केस जायला लागल्यापासून पहिल्यांदाच उघड्या डोक्याने घराबाहेर पडले. वाऱ्याने टाळूला गार लागलं. चौकातला पेपरवाला, दूधवाला, सगळे पाहत राहिले. मांडवात पहिल्या रांगेत जाऊन बसले. बरोबर समोर, स्टेजच्या मागे, त्याने तोच फ्लेक्स लावलेला.

आधी एकाने पाहिलं. मग त्याने शेजारच्याला कोपर मारलं. मग सगळा मांडव एकदा वर आणि एकदा माझ्याकडे पाहू लागला. पुढारी बोलता बोलता अडखळला. शेवटी एका आजीबाईंना राहवलं नाही. त्यांनी मोठ्याने विचारलं, “कावं माय, थे वरची तूच का?”

“हाव आजी,” मी उभी राहून म्हणाले. “आधीची बी मीच, अन् नंतरची बी मीच.”

लोक हसले. त्या हशाचा आवाज मला आजही गोड लागतो. डॉक्टरच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि हातातली कात्री फितीपाशी तशीच राहिली. मी पेढा घेतला, खाल्ला आणि घरी आले.

पण एका दिवसाच्या फजितीवर भागणार नव्हतं. शाखेच्या खालीच, जिथे मग तो फ्लेक्स लागला त्या भिंतीशी, चहाची टपरी होती, तिच्यापुढे बाकडं. दर रविवारी सकाळी मी त्या बाकड्यावर जाऊन बसू लागले. काही बोलायचे नाही. फक्त बसायचे, फ्लेक्सखाली, उघड्या डोक्याने, पेपर तपासत. टपरीवाल्याला मजा वाटू लागली. गिऱ्हाईक आलं की तो चहा गाळता गाळता वर बोट दाखवायचा आणि मग माझ्याकडे. बाबा पहिल्या रविवारी आले नाहीत. दुसऱ्या रविवारी आले आणि शेजारी बसले. तपासलेले पेपर ते एकावर एक नीट लावून ठेवत.

एकदा चांदूर बाजारहून एक आई तिच्या मुलीला घेऊन आली. मुलीचा चेहरा पूर्ण बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. आई जिन्याकडे निघाली आणि मुलगी मला पाहून जागीच थांबली. मग माझ्यापाशी आली.

“मॅडम, दुखत नाई का असं बसायले?”

“दुखते,” मी म्हणाले.

ती आईला घेऊन परत गेली. लोकांना वाटतं मी त्या मुलीसाठी तिथे बसत होते. कॉलेजात प्राचार्यांनी भर सभेत माझ्या सामाजिक जाणिवेचं कौतुक केलं. मला जाणीव वगैरे नव्हती. ती मुलगी वर गेली नाही, म्हणजे त्याचं एक गिऱ्हाईक बुडालं, आणि मला उकाड्यात ताक प्यायल्यासारखं बरं वाटलं. पाप असेल तर असो.

त्याच सुमारास मी एका खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. लढायचं तर माहिती हवी. बाईंनी डोकं पाहिलं आणि सांगितलं की शरीरच आपल्या केसांच्या मुळांवर उलटतं, का ते नीट कुणाला माहीत नाही. औषधं आहेत, खात्री नाही. कधी कधी केस आपले आपण परत येतात, कधी येत नाहीत. “आणि चुंबक?” मी विचारलं. त्या हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुमच्या बाबतीत त्याचा काही संबंध नाही.”

पावसाळा संपता संपता तो स्वतः खाली आला. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसला. कोट नव्हता. साध्या शर्टात तो कुणाचाही भाऊ वाटला असता.

“मॅडम, कावून पोटावर पाय देऊन राहिल्या? मलेही लेकरंबाळं आहेत.”

“माझ्या बाबांची माफी मागा.”

तो बाबांकडे वळला. “काका, चुकलो.” मग लगेच माझ्याकडे. “आता तं झालं? नवीन मशीन येऊन राहिली. ताकद जास्त. तुमाले फुकट बसवतो. खरंच येतील केस.”

बाबा उठले. मला वाटलं हात उगारतात की काय. पण त्यांनी पेपर काखेत घेतले आणि म्हणाले, “चाल बाई, याले अजून समजलंच नाई.” दिवाळीच्या आत शाखेला कुलूप लागलं. फ्लेक्स टपरीवाल्याने उतरवून घेतला आणि छपराला लावला, माझा चेहरा आतल्या बाजूला. आता तिथे चहा प्यायला बसलं की वर पाहायचं टाळावं लागतं. त्या दिवशी आम्ही घरी दह्यातला गिला वडा आणला आणि सणासारखे जेवलो.

पण अकोल्याचं दुकान चालूच होतं. ते माझ्या घशात अडकलेलं होतं.

आणि मग केस यायला लागले.

मार्च महिना असेल. न्हाताना हाताला काहीतरी मऊ लागलं. आधी पांढरी लव, मग आठ-पंधरा दिवसांत तिच्यात काळा दोरा. आईला दाखवलं. तिने दोन्ही तळहात माझ्या डोक्यावर ठेवले, बराच वेळ काढलेच नाहीत, आणि हमसून हमसून रडली. त्या पौर्णिमेला तिने खीर केली आणि सगळ्या वस्तीत वाटली. मी आरशासमोरून हलत नव्हते. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, आपले आपण आले, छान झालं. बाबा रोज सकाळी पेपरावरून माझ्याकडे पाहत आणि हसत.

खीर वाटली की बातमी जाते. बाबांच्या त्याच जुन्या सहकाऱ्यामार्फत ती अकोल्याला गेली. एका दुपारी मोबाइलवर मेसेज आला. आधी फुलांचा गुच्छ, मग मजकूर. ‘अभिनंदन मॅडम. मी म्हणालो होतो ना. लहरी शरीरात राहतात, काहींना रिझल्ट उशिरा येतो. झालं गेलं विसरू. आता फक्त एक फोटो पाठवा.’

मी तो मेसेज तीनदा वाचला. मग आईबाबांना वाचून दाखवला. बाबांनी चष्मा काढून ठेवला. मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. हे केस वाढतील, खांद्यावर येतील, मी वेणी घालीन, आणि अकोल्यात कुणीतरी म्हणेल, ती अमरावतीची मास्तरीण पाहिली का, त्या मशीनने आले तिचे. मी फोटो न पाठवला तरी म्हणेल. मी रस्त्यातून चालत गेले तरी त्याची जाहिरात होईल. माझ्या डोक्यावर उगवलेलं माझं स्वतःचं पीक तो कापून नेणार.

मी न्हाणीत गेले आणि बाबांचा वस्तरा काढला. आई मागोमाग आली.

“काय करून राहिली वं? पागल झाली का? तुलेच पायजे होते ना केस?”

“हो. हवे होते. अजून हवेत.”

“मंग?”

“त्याचे म्हणून नको.”

पहिला पट्टा काढताना माझा हात थांबला होता, ते मी लपवत नाही. केस इतके मऊ होते. पण थांबला तेवढाच. आता दर रविवारी सकाळी हेच काम. दिवसेंदिवस केस जास्त दाट येतात, वस्तऱ्याला कळतं. आई आधी भांडायची, आता दाराच्या चौकटीला टेकून नुसती उभी राहते. परवा तिने विचारलं, “कधीलोक असं?”

“त्याचं दुकान बंद होईलोक.”

“अन् त्यानं बंदच नाई केलं तं?”

तिला म्हटलं, जरा गरम पाणी दे. तिने पाणी आणून ठेवलं, खाली बसली, आणि फरशीवर पडलेले माझे केस पदरात वेचू लागली.